तणमोर झालेली छत्री

मित्रांनो, मी एक जुनी काळी छत्री आहे. हे वाक्य पूर्वी मी अगदी ठामपणे म्हणत असे. पण मागच्या पावसाळ्यात पंधरा घरांच्या एका अख्ख्या वस्तीने मला लांबून पाहून पायातल्या चपला काढल्या, पाठ फिरवली आणि हात जोडले. तेव्हापासून मी ते जरा जपून म्हणते.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. छत्रीला जन्मतःच मिटून ठेवतात, त्यामुळे सुरुवातीचं काही दिसत नाही. मी पहिल्यांदा डोळे उघडले ते गंगाखेडच्या बाजारात. दुकानदाराने मुठीजवळचा खटका दाबला आणि मी फट्दिशी एका गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर उघडले. गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं, डोक्यावरचा पटका सावरला आणि म्हणालं, "हीच द्या. लय तापट हाय."

ते गिऱ्हाईक म्हणजे मुंजाजी. राणीसावरगावच्या पुढे डोंगराच्या कडेला धनगरांची वस्ती आहे, तिथले. घरी बायको बानूबाई, एक मुलगा मल्हार, सत्तर मेंढ्या आणि एक कुत्रं. कुत्र्याने मला पाहिलं आणि ते त्या दिवसापासून माझ्याशी कधीच बोललं नाही.

मुंजाजींनी मला एकोणीस पावसाळे वापरलं. त्यातले फार थोडे पावसासाठी होते. आमच्या भागात पाऊस कमी आणि कामं जास्त. माझ्या वाकड्या मुठीने ते बाभळीच्या शेंगा खाली ओढत. उन्हात माळावर मेंढी व्याली की आधी कोकरावर सावली, मग मेंढीवर, आणि जागा उरली तर मुंजाजींवर. एकदा समोर लांडगा आला. मुंजाजींनी त्याच्या तोंडावर खटका दाबला. तो पळाला नाही, मित्रांनो. तो नुसता बघत राहिला, जणू त्याला कोणीतरी वाईट बोललं होतं. मग मान खाली घालून निघून गेला. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं.

त्या काळात माझं फार कौतुक होई. "काठीची काठी, छपराचं छप्पर," असं मुंजाजी पाहुण्यांना सांगत आणि खटका दाबून दाखवत. पाहुणे दचकत. मग चहा होई.

पण कोणाचेच दिवस सारखे राहत नाहीत. माझ्या दोन काड्या मोडल्या, कापड उन्हाने विटलं आणि शेवटी खटकाही सैल झाला. मी मनाला येईल तेव्हा उघडू लागले. एकदा आरती चालू असताना उघडले. एकदा मयताला उघडले. तेवढ्यात निवडणूक आली आणि घरोघर फुकट छत्र्या वाटल्या गेल्या. त्यांच्यावर उमेदवाराचा चेहरा होता. पाऊस असो की ऊन, तो सारखा हसायचा. मुंजाजींनी ती घेतली आणि मला सुतळीने घट्ट बांधून आढ्याला उलटं टांगलं.

तिथे मी वटवाघळासारखी तीन वर्षं लटकले. छत्रीला सगळ्यात जास्त एकटं कधी वाटतं, सांगू? बाहेर पाऊस पडत असतो, माणसं घरातून निघतात, आणि वर कोणी बघत नाही तेव्हा.

आढ्यावरून घरातलं सगळं ऐकू येतं. मी टांगली गेले त्याच वर्षी अंगणात वस्तीची बैठक भरली होती. ती नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं.

वस्तीला लागून चाळीस एकरांचा माळ आहे. त्याच्या कडेला बाभळीखाली बिरोबाचा तांदळा आहे, म्हणजे शेंदूर लावलेला दगड. पूर्वी ह्या माळावर पावसाळ्यात तणमोर यायचा. तणमोर हा कोंबडीएवढा पक्षी, लांब पायांचा. नर काळाभोर, पंखांवर पांढरे पट्टे, कानामागे वळलेले तुरे. गवतात उभा असला तर दिसत नाही. पण मादीला दाखवण्यासाठी तो गवतातून सरळ वर उडी मारतो, पंख फडफडवतो आणि परत गवतात बुडतो. दिवसाला शंभर, दोनशे, कितीही वेळा. बिरोबाला आनंद झाला की तणमोर उडतो, असं वस्ती मानायची.

आणि त्यावर एक रीत होती. ज्याला वर्षातला पहिला तणमोर उडताना दिसेल, त्याने चपला काढायच्या, पाठ फिरवायची आणि तांदळ्याला लोकरीचा धागा बांधायचा. तिथून दसऱ्यापर्यंत माळाची राखण बसली. मग माणूस, मेंढरू, कुत्रं, कोणाचाही पाय गवतात पडायचा नाही. बोट दाखवायचं नाही, टक लावून बघायचंही नाही. येताजाता पाठ करून पुढे जायचं. दसऱ्याला गवताची पहिली पेंढी बिरोबाला, मग बाकीचं सगळ्यांना.

बत्तीस वर्षांपूर्वी तणमोर यायचा थांबला. दिसला नाही म्हणून राखण बसली नाही. राखण बसली नाही म्हणून मेंढरांनी पहिल्या कोंबापासून माळ चरून काढला. आणि उघड्या माळावर तणमोर कशाला उतरतोय?

"हेच म्हणायले मी कवापासून," बानूबाई त्या बैठकीत उभी राहून म्हणाली होती. "त्यो येत न्हाई म्हून तुमी राखण बसवत न्हाई. राखण न्हाई म्हून गवत न्हाई. मग त्यो उतरंल कुटं? तुमच्या पटक्यात?"

मल्हार तोवर मोठा झाला होता, सगळी मेंढरं तोच बघत होता. तो म्हणाला, "माय, माळ बंद केला तर मग मेंढरं मी कुटं चारू? आबाच्या पटक्यात?"

"माझ्या पटक्याचं काय लावलंय दोघांनी?" मुंजाजी म्हणाले.

शेवटी ठरलं. तणमोर नसतानाच तीन पावसाळे माळ बंद ठेवायचा. तिसऱ्या पोळ्यापर्यंत तणमोर दिसला, तर राखण पुन्हा कायमची सुरू. नाही दिसला, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मेंढरं आत, आणि ह्या विषयावर बानूबाईने पुन्हा तोंड उघडायचं नाही. बानूबाईने बिरोबावर हात ठेवून कबूल केलं.

पहिल्या वर्षी नुसती कुसळं आली. दुसऱ्या वर्षी पवन्या आणि मारवेल गवत गुडघ्याला लागलं. तिसऱ्या वर्षी गवत कमरेला आलं. ससे आले, चंडोल आले, नाकतोडे तर इतके आले की माळ करकर वाजायचा. तणमोर मात्र आला नाही. मल्हार मेंढरं घेऊन लांब गंगथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठाला जायचा आणि आठ आठ दिवसांनी वाळून परत यायचा. आषाढ संपत आला तसं बानूबाईने जेवण कमी केलं.

तिची सून दीपिका येलदरीची. तिचं सासूवर लक्ष होतं. एका दुपारी ती मोबाईल घेऊन आली.

"आत्याबाई, हे बगा. परदेशात लाकडाचे पक्षी करून ठेवायलेत. खरे पक्षी वरून बगतात, आपलं माणूस दिसतंय म्हून खाली उतरतात."

बानूबाईने बराच वेळ बघितलं. "पर लाकडाचा उडंल का? आपला उडल्याबिगर कुणाला पटायचा न्हाई."

मी नेमकी त्याच क्षणी का उघडले, ते मला सांगता येणार नाही. सुतळी कुजली होती, एवढंच. फट् आवाज झाला, तीन वर्षांची धूळ दोघींच्या डोक्यावर पडली आणि दोघींनी वर पाहिलं.

"काळी हाय," बानूबाई म्हणाली.

"उडती पण," दीपिका म्हणाली.

दोन दिवसांत मला तणमोर करण्यात आलं. माझं टोक खाली आणि मूठ वर. वाकडी मूठ म्हणजे मान आणि डोकं. मुंजाजींच्या जुन्या धोतराचे दोन पांढरे पट्टे कापडाला शिवले, ते पंख. काळ्या शेळीचे केस मुठीला बांधले, ते तुरे. सदऱ्याचं बटण लावलं, तो डोळा. मग मला एका ओल्या, लवचीक बांबूच्या टोकाला बांधलं. दीपिकाच्या माहेरी मासेमारी, तिच्याकडे तंगूस होता. तो पारदर्शक दोरा मुठीवरून फिरवून माझ्या आतल्या नळीला बांधला. दोरा ओढला की बांबू वाकायचा आणि मी मिटायची. सोडला की बांबू ताठ व्हायचा आणि मी फट्दिशी उघडून गवताच्या वर यायची. माझ्यातला जो दोष होता, त्याचीच आता नोकरी लागली.

पहाटे दोघींनी मला माळात रोवलं. बाभळीपासून चाळीस पावलांवर, म्हणजे वारा इकडचा असला की तांदळ्यापाशी बोललेलं मला ऐकू येई. दीपिका म्हणाली, "यांना सांगायचं का?"

"कुणाला? मल्हारला? त्यो मला गंगाखेडच्या दवाखान्यात न्हील," बानूबाई म्हणाली.

त्या दिवसापासून रोज सकाळी बानूबाई बाभळीमागे बसून दोरा ओढू लागली. ओढ, सोड. ओढ, सोड. हात दुखला की ती थांबायची आणि माझ्याशी बोलायची. माझ्याशी म्हणजे समोर दुसरं कोणी नव्हतं म्हणून.

"सोळाची होते गं इथं आले तवा," ती एकदा म्हणाली. "कुणी बोलंना. सासू कामापुरतं सांगायची. हे लाजायचे, मेंढरांसंगं बोलायचे. मी इथंच बसायचे कोकरं घिऊन. त्यो तिकडून उडायचा. मला वाटायचं, मलाच बगून उडायलाय." मग दोरा पुन्हा हातात घेत म्हणाली, "नंतर कळलं, बाईसाठीच उडतो, पर ती दुसरी असती."

वीस दिवस मी उडले. एक टिटवी दोन दिवस मला शिव्या देऊन गेली. कावळ्यांनी एक बैठक घेतली आणि काही न ठरवता उठले. तणमोर आला नाही. आभाळात रोज बघून बघून माझा बटणाचा डोळा सैल झाला. खरं सांगू? आढ्यावर मी एकटी होते, पण तिथे मी कोणाची वाट बघत नव्हते. वाट बघताना एकटं असणं हे वेगळंच काम आहे.

पोळा चार दिवसांवर आला. त्या दिवशी मुंजाजी राणीसावरगावच्या बाजारातून पायवाटेने परत येत होते. त्यांना मोतीबिंदू झालेला. बानूबाईला ते दिसले नाहीत, ती डोळे मिटून दोरा ओढत होती. तिने सोडला आणि मी उडाले. मुंजाजींची पिशवी हातातून पडली. कांदे उतारावरून घरंगळत गेले.

त्यांनी चपला काढल्या. पाठ फिरवली. आणि एवढ्या जोरात "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणाले की मी आणखी एकदा उडाले, कारण बानूबाईच्या हाताला हिसका बसला.

ती बाभळीमागून बाहेर आली.

"बाने! आला गं! बत्तीस वर्सांनी आला!"

"कोण?"

"कोण म्हून काय इचारती? आगं, तिकडं बगू नको, पाठ कर! पाठ कर आदी!"

बानूबाईने पाठ केली. दोघं माझ्याकडे पाठ करून शेजारी शेजारी उभे राहिले. मुंजाजी रडत होते. पाठीमागे बानूबाईच्या मुठीत दोरा होता. मी बघत होते. तिने हळूच मूठ उघडली आणि दोरा गवतात पडला.

मित्रांनो, ज्या माणसाच्या डोक्यावर मी एकोणीस पावसाळे काढले, त्याने मला ओळखलं नाही. हात मात्र जोडले. ह्यातलं आधी कशाचं वाईट वाटून घ्यावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत पंधरा घरं बाभळीखाली जमली. सगळ्यांनी पाठी केल्या. मुंजाजींनी तांदळ्याला धागा बांधला आणि राखण बसली. दुसऱ्या दिवशी निरोप मिळून मल्हारही गंगथडीहून आला. त्याने जन्मात तणमोर पाहिला नव्हता.

"माय," तो म्हणाला, "मी तुला लय बोललो. माझं चुकलं. आता दसऱ्यापस्तोर मेंढरं तिकडंच ठिवतो, तू फिकीर करू नको." आणि तो माळाकडे पाठ ठेवूनच तांदळ्याच्या पाया पडून निघून गेला.

तो गेल्यावर दीपिका दबक्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, सांगून टाका. न्हाईतर मी गुमान जाऊन छत्री घिऊन येते."

"राखण बसली. आता आत पाय न्हाई ठिवायचा."

"आवो, पर राखण छत्रीमुळं बसलीय!"

"कशामुळं बी बसू दे. बसली ना?" बानूबाई म्हणाली. "आता सांगितलं तर पोळा झाला की मेंढरं आत. दसऱ्याला सांगीन, सगळ्यांम्होरं. तवर गवताला बी तर धरंल. लबाडी एक झाली, दुसरी नको."

मग त्याही पाठ करून गेल्या. आणि मी माळावर एकटी राहिले. वीस दिवस निदान दोरा तरी होता. दुसऱ्या टोकाला कोणीतरी आहे हे त्याच्या ताणावरून कळायचं. आता तो सैल पडला. दोऱ्याला ओढ नव्हती, म्हणून बांबू ताठ झाला आणि मी कायमची उघडीच राहिले. आभाळाकडे तोंड करून उघडी छत्री म्हणजे परात. माझ्यात पाणी साठू लागलं. एक बेडूक चार दिवस राहून गेला. मी त्याला फार काही विचारलं नाही.

वाटेने माणसं जायची. चांगली, ओळखीची. माझ्यापर्यंत आली की पाठ करायची. मित्रांनो, तुम्हाला पूज्य मानणारी माणसं तुमच्याकडे बघतच नाहीत, तेव्हा तुम्ही काय करता? मी पाणी धरून उभी राहिले.

पोळा होऊन सहा दिवस झाले होते. सकाळची वेळ. माझ्यापासून दहा हातांवर गवत हललं आणि एक काळी मान वर आली. पांढरे पट्टे. वळलेले तुरे. डोळा बटणाचा नव्हता.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग चार पावलं पुढे आला, पिसं फुगवली आणि उडाला. सरळ वर, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, पंखांचा करकर आवाज करत, आणि परत गवतात बुडाला. मला कळलं, त्याने मला आव्हान दिलं होतं. आता माझी पाळी होती. मी उडणार कशी? ओढणारं कोणी नव्हतं. त्याने आणखी पाच उड्या मारल्या. मी जागची हलले नाही. तेव्हा त्याने माळ जिंकला असं जाहीर केलं आणि माझ्यासमोर खुशाल शिटून घेतलं.

इतका आनंद मला गंगाखेडच्या दुकानातसुद्धा झाला नव्हता.

त्या दिवशी त्याने एकशे चाळीस उड्या मारल्या. मी मोजल्या, मला दुसरं काम नव्हतं. नेमक्या त्याच वेळी वाटेने अकरा माणसं गेली. अकराही जणांनी पाठी केल्या. बानूबाई तांदळ्याला पाणी घालायला आली. तिच्यामागे चाळीस पावलांवर तो उडत होता. बिरोबाला पाणी घालताना ती पुटपुटत होती, "माफ कर बाबा. लबाड बोलले. माफ कर." मी ओरडायचा प्रयत्न केला. छत्रीला आवाज एकच असतो आणि तो उघडताना येतो. मी आधीच उघडी होते.

ती रोज यायची. तो रोज उडायचा. ती मागे वळली नाही. मला वाटतं, रीत होतीच, पण त्याहून जास्त लाज होती. मागे वळली तर मी दिसेन, ह्याची तिला भीती वाटत असावी.

मग मादी आली. मातकट रंगाची, ठिपक्यांची. तिने त्याच्या उड्या पाहिल्या, थोड्या वेळाने पटल्यासारखं केलं. माझ्याकडे एकदाच बघितलं आणि माझ्यात काही राम नाही हे ओळखलं. माझ्या बुडाशी, दाट पवन्यात, तिने तीन अंडी घातली. घटस्थापनेच्या आधी नर उडून गेला, त्याचं काम संपलं होतं. ती बसून राहिली. दुपारचं ऊन तापलं की माझी सावली तिच्यावर पडायची. उलटी असले तरी छत्रीच मी. त्या पावसाळ्यातलं तेवढं एक काम मी कोणी न शिकवता केलं.

तीन पिल्लं निघाली. दुसऱ्याच दिवशी चालू लागली. दसऱ्याच्या आधी चार दिवस ती त्यांना घेऊन ओढ्याच्या बाजूला निघून गेली. जुन्या लोकांनी राखणीला दसरा उगाच धरला नव्हता.

पुरावा म्हणाल, तर होता. नराच्या तुऱ्यातलं एक पीस माझ्या परातीत पडलं होतं. मी ते दोन आठवडे जिवापाड सांभाळलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वारा सुटला. अंड्यांची टरफलं मुंग्यांनी नेली.

दसऱ्याला सगळी वस्ती विळे घेऊन बाभळीखाली जमली. मुंजाजी धागा सोडायला वाकले, तेवढ्यात बानूबाई म्हणाली, "थांबा. आदी माझं ऐका. तुमी बगितला त्यो तणमोर न्हवता. ती छत्री होती."

मग मुंजाजींनी विचारलं, "कुणाची?"

"तुमची."

तिने सगळं सांगितलं. दोरा, बांबू, धोतर. दीपिकाचं नाव घेतलं नाही. दीपिका स्वतः पुढे येऊन म्हणाली, "तंगूस माझा हाय." कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. मल्हार हसला नाही.

"सव्वा महिना हिंडलो मी, माय," तो म्हणाला. "दोन कोकरं वाटंत गेली. छत्रीसाठी?"

"व्हय," बानूबाई म्हणाली.

मल्हार विळा घेऊन एकटाच गवतात शिरला. त्याच्या छातीला गवत लागलं. तो माझ्यापाशी आला, मला बघितलं, मूठभर गवत कापलं, वास घेतला, दाताखाली धरून बघितलं. मग कापत सुटला. त्याच्यामागे सगळे उतरले. तीन दिवस कापणी चालली. पंधरा घरांच्या पंधरा गंज्या उभ्या राहिल्या. वस्तीत एवढं गवत बत्तीस वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं. उन्हाळ्यात कोणालाच गंगथडीला जावं लागणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मल्हार सगळ्यांसमोर म्हणाला, "पुढच्या साली राखण बसंल. दरसाली बसंल. कुणाच्या उडण्यावर न्हाई, आखाडातली आमुशा झाली की बसंल." मग आईकडे न बघता म्हणाला, "पर माय, तणमोराचं नाव आता तू काढायचं न्हाई."

बानूबाईने मान हलवली.

मला मुंजाजींनी स्वतः उपटलं आणि काखेत घालून घरी नेलं. आठ दिवस ते बायकोशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी भाकरी खाताना विचारलं, "ते पांढरं माझ्या धोतराचं व्हय?"

"व्हय."

"नव्या का जुन्या?"

"जुन्या."

"मग ठीक हाय," ते म्हणाले आणि त्यांनी आणखी एक भाकरी मागितली.

आता मी पुन्हा आढ्याला आहे. ह्या वेळी नायलॉनची दोरी आहे, ती कुजणार नाही. वस्तीतली पोरं बानूबाईला "छत्रीवाली आजी" म्हणतात. ती हसते. पण माळाच्या वाटेने जाताना ती पदर ओढून भराभर चालते. राखण जिंकली, गवत आलं, सगळं तिच्या मनासारखं झालं. फक्त आपण देवापुढे खोटं बोललो, आणि तणमोर काही आला नाही, एवढं घेऊन ती निजते. तो आला होता हे जगात एका छत्रीला ठाऊक आहे.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आमच्यासारख्या वस्तू तुमच्याकडे काहीतरी मागतात. धूळ पुसा, नीट मिटा, फेकू नका. मला त्यातलं काही नको. तुमच्यापैकी कोणी राणीसावरगावच्या बाजूला गेलं, तर आमच्या वस्तीवर या. पावसाळा असेल तर माळात शिरू नका आणि वाटेने पाठ करून या. बानूबाईला एकटीला गाठा. मल्हारला ऐकू जाणार नाही असं, हळू आवाजात तिला सांगा, की तो पोळ्यानंतर सहाव्या दिवशी सकाळी आला. एकशे चाळीस वेळा उडाला. तुम्ही दगडाला पाणी घालत होतात तेव्हाही उडत होता. तीन पिल्लं झाली आणि तिन्ही ओढ्याकडे चालत गेली.

ती आधी तुमच्याकडे नुसती बघेल. मग विचारेल, "किती उंच उडाला?"

तेव्हा हात वर करून दाखवा. डोक्याच्या वर. अजून वर. हां, तेवढा.